आलेला मोड मागं फिरत नाही

विंचूरच्या कांदा बाजारात माणसाचं नाव दोनदा ठेवतात. पहिलं आत्या ठेवते, बारशाला. ते आधारकार्डावर जातं आणि तिथंच पडून राहतं. दुसरं सहादू आबा ठेवायचा, आणि ते सरणापर्यंत साथ देतं.

सहादू आबा लिलाव पुकारायचा. कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, रांगेतून सरकणारं व्यापाऱ्यांचं टोळकं, आणि टोळक्याच्या पुढं आबा. आयुष्यभर ओरडून त्याचा गळा पत्र्यासारखा झाला होता आणि कान मात्र कामातून गेले होते. एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे जाता जाता, दोन बोलींच्या मधल्या फटीत, तो माणसांची प्रतवारी करायचा. ठेंगणा व्यापारी चंदर म्हणजे गोल्टी, कारण बारक्या कांद्याला बाजार गोल्टी म्हणतो. सदा एकमेकांना चिकटून फिरणारे दोघे साडू म्हणजे जोडकांदा. नुसताच उंच वाढलेला, कामाला शून्य असा ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणजे डेंगळा, कारण डेंगळा आलेल्या कांद्याची सगळी ताकद दांडीतच जाते. चंदरच्या मुलीच्या लग्नाचा फ्लेक्स लागला तेव्हा त्यावर कंसात 'गोल्टीशेठ' छापावं लागलं, नाहीतर लग्न कुणाकडे आहे हे अर्ध्या पंचक्रोशीला कळलं नसतं.

आबाला स्वतःला मात्र असं नाव नव्हतं, निदान त्याच्या कानावर तरी आलं नव्हतं. हलवायाला कुणी पेढा देत नाही, तसलाच प्रकार.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. मोड आलेला कांदा घेऊन शेतकरी आला आणि भावासाठी हुज्जत घालू लागला की आबा त्या कांद्याचा हिरवा शेंडा चिमटीत धरायचा आणि म्हणायचा, "भाऊ, आलेला मोड मागं फिरत नाय." मग पुढची ट्रॉली. हेच वाक्य तो पोरांच्या प्रेमप्रकरणांना, नेत्यांच्या पक्षांतराला आणि जावयांच्या दारूलाही लावायचा. त्याच्या मते जगातलं बहुतेक शहाणपण त्यात आलं होतं.

आणि मग मोड त्यालाच आला.

मूळव्याधीला आपल्याकडे मोड म्हणतात, हे काही वेगळं सांगायला नको. शौचाला रक्त दिसलं तेव्हा आबानं मनाशी म्हटलं, मोड आलाय, उन्हाळ्याचा आहे, जाईल. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळीही गेली. आबा बसेनासा झाला. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, कीर्तन खांबाला टेकून. लोक विचारायचे तेव्हा तो मणका सांगायचा. मणक्याला प्रतिष्ठा असते. मणक्याचं दुखणं चारचौघांत सांगता येतं, त्यावर चारचौघं तेल सुचवतात, आणि आबाकडे त्या वर्षी तेलाच्या सात बाटल्या जमल्या.

पण जगापासून लपवलेलं धुणं धुणाऱ्या बाईपासून लपत नाही. कुसाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एक दिवस त्याचं धोतर दोरीवर न टाकता त्याच्या पुढ्यात टाकलं आणि विचारलं की मणक्यातून रक्त कधीपासून येतंय.  दुसऱ्या दिवशी मुलगा महेश त्याला पिकअपमध्ये घालून नाशिकला घेऊन गेला.

तपासण्या झाल्या. नळी घालून झाली, तुकडा काढून झाला, त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये झोपवून झालं. शेवटी ज्या डॉक्टरसमोर नेलं, त्या डॉक्टर आभा मॅडम. वय असेल आबाच्या मुलीएवढं. आबाचं निम्मं दुखणं लाजेनंच वाढलं. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलू लागला.

मॅडमनी सांगितलं की काका, हे मोड नाहीत, गुदाशयात गाठ आहे, आणि गाठ कॅन्सरची आहे. महेश खाली बघू लागला. मॅडमचं पुढं चालूच होतं. अजून ती दुसरीकडे पसरलेली नाही, ही चांगली गोष्ट. पण बसलीय अगदी दाराशी. ऑपरेशन करून काढायची तर दारासकट काढावी लागेल आणि मग पोटावर कायमची पिशवी लावावी लागेल, शौचासाठी.

कॅन्सर हा शब्द आबानं कसाबसा पचवला. म्हाताऱ्या माणसाला मरण तोंडओळखीचं असतं. पण पिशवी म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं लख्खकन विंचूरचा बाजार आला. चंदर गोल्टी येतोय, मागं जोडकांदा, मागं डेंगळा, आणि सगळे मिळून हाक मारतायत, "या, पिशवीशेठ." आयुष्यभराची उधारी एका शब्दात चुकती. पोटाला पिशवी लावून हजारो माणसं सुखानं जगतात, असं मॅडम सांगत होत्या, आणि ते खरंही होतं. पण त्या हजारांना विंचूरमध्ये लिलाव पुकारायचा नव्हता.

"पिशवी नको," आबा कॅलेंडरला म्हणाला. "बाकी काय बी करा."

तेव्हा मॅडमनी दुसरी वाट सांगितली. ऑपरेशनच्या आधी एक आठवडा शेक द्यायचा, म्हणजे किरणांचा. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून एक औषध, जोडीला केमोच्या गोळ्या. हे औषध गाठीला मारत नाही, शरीराच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांना जागं करतं. कॅन्सर लबाड असतो, चांगल्या पेशींत चांगला म्हणून मिसळतो, पहारेकऱ्यांना गप्प बसवतो. शेकानं गाठ फुटायला लागली की तिचे तुकडे उघडे पडतात, आणि औषधानं पहारेकऱ्यांची दातखीळ सुटते. दोन्ही एकापाठोपाठ दिली की काही जणांची गाठ खूप लहान होते. काहींची दिसेनाशीही होते. सगळ्यांची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. इथं यावर अभ्यास चालू आहे, त्यात तुम्हाला घेता येईल.

या वयात अभ्यास म्हटल्यावर आबा दचकला. सातवीत गणितानं घात केल्यापासून त्यानं त्या वाटेला जाणं सोडलं होतं. अभ्यास डॉक्टरांनी करायचा आहे, आपण नुसतं वेळेवर यायचं, असं महेशनं समजावल्यावर तो निवळला आणि पहिल्यांदा त्यानं मॅडमकडे बघितलं.

"म्हंजे असं बघा. शेतकरी ट्रॉलीत वर चांगला माल लावतो, खाली सडकी खाद दडवतो. व्यापारी वरचा माल बघून गप बसतो. तुमचा शेक ट्रॉली पालथी करनार. आन् औषध व्यापाऱ्याला सांगनार, आता वांधा काढ."

 मॅडमनी वांधा म्हणजे काय ते विचारलं. खळ्यावर माल ओतल्यावर खराब निघाला की व्यापारी जो कज्जा काढतो तो वांधा, असं आबानं सविस्तर सांगितलं. मॅडमना ते इतकं आवडलं की पुढं त्या बाकीच्या पेशंटनाही ट्रॉली सांगू लागल्या, आणि सिडकोतल्या एका निवृत्त प्राध्यापिकेला शेवटपर्यंत कळलं नाही की आपल्या पोटात ट्रॉली कुणी आणली.

"पर एक सांगतो मॅडम," आबा निघताना म्हणाला. "कांद्याला लासलगावला असाच किरनांचा शेक देतात, त्यो मोड येऊ नाय म्हनून. आधी देतात. आलेला मोड मागं फिरत नाय. मी जन्मात बघितला नाय."

मॅडम म्हणाल्या की बघू.

शेकाचा पहिला दिवस पार पडला. आबाला एका मोठ्या मशीनखाली पालथं झोपवलं, सगळे खोलीबाहेर गेले, मशीन त्याच्याभोवती घुं घुं करत फिरलं आणि थांबलं. झालं, उठा. आबा वाट बघत राहिला. ना ऊब, ना चटका, ना उजेड. घरी आल्यावर कुसाबाईनं विचारलं, शेक कसा लागला. आबानं खरं ते सांगितलं, की लागलाच नाही.

कुसाबाई विचारात पडली. तिनं तीन बाळंतपणं शेकाशेगडीवर काढली होती. शेक म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. घाम फुटत नाही तो शेक कसला. तिनं निष्कर्ष काढला की मशीन थंड होतं, किंवा नाशिकच्या लोकांनी खेड्यातला माणूस बघून कमी आचेवर काम भागवलं. नवरा आजारी, त्याला शेक सांगितलेला, आणि तो अर्धा राहिलेला. ती उठली, चुलीत वीट टाकली, तापवली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि नवऱ्यासमोर ठेवली.

आबा विटेवर बसला. कितीतरी महिन्यांनी तो कशावर तरी बसला होता. ऊब बरी वाटली. आणखी बरी वाटली. मग लुगड्याचा पदर सरकला.

त्या रात्री विंचूरनं जो आवाज ऐकला तो लिलावाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेकाला जायचं होतं आणि आबाला आता बसताही येत नव्हतं, आडवंही होता येत नव्हतं. महेशनं त्याला पिकअपच्या मागच्या हौद्यात उभं केलं. आबा दांडीला धरून, धोतराचा सोगा वाऱ्यावर, असा ताठ उभा. निवडणुकांचे दिवस होते. निफाडला लोकांनी त्याला हात जोडले. चांदोरीला एकानं हार घातला. सायखेडा फाट्यावर तर चहाच्या टपरीवरून घोषणाही झाली, कुणाची ते त्यांचं त्यांनाच माहीत. आबानं सगळ्यांना उलट हात जोडले. नाही म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

हॉस्पिटलात मात्र सगळं उघडं पडलं. तिथल्या पूजा सिस्टरनी भाजलेलं बघितलं आणि मॅडमना बोलावलं. मॅडमनी आधी हसू दाबलं, मग कुसाबाईला फोन लावून समजावलं की किरणांचा शेक जाणवत नाही, तो आत काम करतो, आणि वरून वीट, शेगडी, गरम पाण्याची पिशवी यातलं काहीही जवळ न्यायचं नाही. कुसाबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली की मग त्याला शेक म्हणता कशाला.  नशिबानं भाजणं वरवरचं होतं. मलम मिळालं, शेक ठरल्याप्रमाणे पुरा झाला.

आबा पुढच्या आठवड्यात बाजारात परतला. मणका अजून शाबूत होता, निदान लोकांच्या तोंडात. आणि नेमका भर लिलावात, चंदर गोल्टी बोली चढवत असताना, आबाचा फोन वाजला. कान गेल्यापासून आबा फोन स्पीकरवरच ठेवायचा. वर्षानुवर्षं त्याला त्याची सवय होती आणि बाजाराला करमणूक.

"सहादू काका का? पूजा बोलते, नाशिकवरून. विटेनं भाजलेलं बरं आहे का? बसता येतंय?"

आबानं बटण दाबलं. ते आवाज वाढवायचं निघालं.

"आणि काका, शौचाच्या जागेतून रक्त जातं ते कमी झालं का? कॅन्सरच्या गाठीचं आहे ते, लाजू नका, सांगा."

रांगेतली सगळी इंजिनं त्याच वेळी बंद असावीत, हेही नशीबच. आबा राँग नंबर म्हणाला. असं कसं काका, पूजा म्हणाली, या आवाजाचा दुसरा माणूस नाशिक जिल्ह्यात नाही.

फोन बंद झाला. आबा डोळे मिटून उभा राहिला. आता येईल, आता कुणीतरी नाव ठेवील. दोन-तीन त्याला स्वतःलाच सुचली होती, आणि चांगली होती. पण कुणी हसलं नाही. चंदरनं खाली बघत आपली बोली परत सांगितली. डेंगळ्यानं कुठून तरी पाणी आणून दिलं. लिलाव पुढं सरकला.

दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी चंदर गोल्टी शहाळं घेऊन आला. ज्या माणसाला आबानं पंचवीस वर्षं गोल्टी म्हणून पिडलं, तो शहाळं आणतो म्हणजे काय? जोडकांद्यातल्या थोरल्यानं विचारपूस केली, धाकट्यानं खांद्यावर हात ठेवला. आबानं मुद्दाम त्यांना डिवचून बघितलं. दोघं समजूतदारपणे हसले. त्या हसण्यानं तो पार हबकला.

औषधाच्या फेऱ्या सुरू झाल्या. सलाइन लागायची, परत यायचं, पुन्हा जायचं. तिसऱ्या फेरीनंतर आबाच्या सर्वांगाला खाज सुटली. मॅडमनी मलम आणि गोळ्या देत सांगितलं की व्यापारी जरा जास्तच जागे झालेत, चांगल्या मालावरही वांधा काढतायत. लक्ष ठेवू, वाढलं तर लगेच कळवा. आबानं मान डोलावली. खाजेचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याला बाजार खात होता.

एका संध्याकाळी तो ओट्यावर खांबाला टेकून उभा होता आणि कुसाबाई लसूण सोलत होती. तो बोलला.

"कुसे, मी काय जगत नाय बघ. बाजारानं मला नाव ठेवलं नाय. गेलेल्या मानसाला नावं ठेवत नसतात."

कुसाबाईचा हात थांबला. नवरा इतकी वर्षं ओरडला, पण घाबरलेला तिनं त्याला कधी बघितला नव्हता. तिला रडू आलं आणि रडायचं नव्हतं म्हणून ती चिडली. "तुमाला नाव हाय की," ती म्हणाली. "कांदा निवडायच्या समद्या बाया तुमाला भोंगा म्हनतात. मी आले तवापासून." आबाला ते ऐकून क्षणभर बरं वाटलं. पण ते धडधाकट असतानाचं नाव होतं. आजाराला ते लागू होत नव्हतं, असं त्याचं मत पडलं.

फेऱ्या संपल्या. पुन्हा बोगद्याचं मशीन, पुन्हा नळी. या वेळी मॅडमनी पडदा त्याच्याकडे फिरवला आणि आतलं चित्र दाखवलं. गुलाबी भिंत, आणि एका जागी फिकट पांढरा डाग, जुन्या जखमेच्या खुणेसारखा. आबानं गाठ कुठे ते विचारलं. इथं होती, मॅडम म्हणाल्या, आणि डागावर बोट ठेवलं.

त्या एका वाक्यातलं 'होती' आबाला पहिल्यांदा कळलंच नाही. मग मॅडमनी समजावलं. गाठ कुठल्याच तपासणीत दिसत नाही. ऑपरेशन करावं ही एक वाट आहेच. दुसरी वाट अशी की थांबायचं आणि बारीक लक्ष ठेवायचं, ठरल्या दिवशी यायचं, एकही खेप चुकवायची नाही, कारण गाठ परत येऊ शकते आणि आली तर वेळेत धरायची. साठवणीच्या चाळीत कांदा भरला म्हणजे विसरून चालत नाही ना काका, त्या म्हणाल्या. मधूनमधून आत हात घालून बघावं लागतं.

"पिशवी?" आबानं विचारलं.

"आज तरी नाही."

आबा खुर्चीवर बसला. खरोखर बसला. धोतराचा सोगा डोळ्यांना लावून लहान पोरासारखा रडला, आणि महेश खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या मोजल्यासारखं करत राहिला. डोळे पुसून आबा म्हणाला, "मॅडम, मोड मागं फिरला." त्याच्या जन्माचं शहाणपण त्या दिवशी खोटं पडलं आणि इतका आनंद त्याला कधीच झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला. बातमी त्याच्या आधी पोचली होती, कुसाबाईनं त्याची सोय केली होती. तो फाटकातून आत आला आणि रांगेच्या तोंडाशी, सवयीनं, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. चंदर गोल्टी समोरून आला. शहाळं नव्हतं. त्यानं आबाला खालून वर निरखलं, पायातल्या चपला काढल्या, आणि वाकून नमस्कार केला.

"या, विटोबा," तो म्हणाला.

अख्खा बाजार हसला. ट्रॉल्यांवरचे शेतकरी हसले, जोडकांदा एकमेकांच्या अंगावर पडून हसला, डेंगळ्याला तर धरून उभं करावं लागलं. चंदरनं गंभीरपणे खुलासा केला की पंढरीचा विटेवर उभा राहिला म्हणून विठोबा, आपला बसला म्हणून विटोबा.

आबा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे आज सुचलं व्हय रे तुला?"

"आज नाय. तुमचा फोन वाजला त्याच दिवशी सुचलं. सगळ्यांच्या व्हटावर होतं." चंदरनं चपला पायात सरकवल्या आणि मान दुसरीकडे वळवली. "आजारी मानसाला कसं म्हनायचं? मंग चाळीत भरून ठेवलं, आबा. भाव येईस्तवर."

आबानं मान हलवली.  त्यानं खाकरून घेतलं, पहिल्या ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घातला, तळाचा कांदा वर काढला, आणि लिलाव पुकारायला सुरुवात केली.